वजाबाकीतले तीन किलो

चपला काढा. खिसे रिकामे करा. हातात काही असेल तर खाली ठेवा. हं, आता बोलू या.

रागावू नका मित्रांनो, जित्याची खोड आहे ती. मी लोखंडाचा, उभा, म्हातारा वजनकाटा. खाली पाय ठेवायला खरखरीत फळी, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारी दोन वजनं, एक मोठं नि एक धाकटं. दांडी अधांतरी स्थिर राहिली की समजायचं, काटा बोलला. माझ्यात बॅटरी नाही, दिवा नाही, आवाज नाही. आणि मी राहतो कुठे? तर लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात. हसलात ना? सगळेच हसतात. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, ते मला बघून म्हणाले, "अहो, दात काढायला आलोय, कुस्तीला नाही!" त्या आजोबांना तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज तुम्हाला देतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक मिस्त्री होते. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती, पण नजर अशी की केसभर फरक सुटायचा नाही. ते माझ्या फळीवर पितळी वजनं ठेवत, दांडीकडे बघत, मान हलवत, आणि कानशीनं कुठेतरी हलकेच घासत. असं दोन दिवस चाललं. शेवटी दांडी त्यांच्या मनासारखी उभी राहिली तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बाबा रे, तुला तोंड नाही ते बरंच आहे. तू फक्त खरं सांगत जा. पुढचं माणसं बघतील."

पुढचं माणसं बघतील! मला तेव्हा हे किती सोपं वाटलं होतं.

दवाखान्यात मला तीन माणसं भेटली. पहिल्या डॉक्टरबाई. त्यांचे हात भराभर चालायचे आणि तोंड त्याहून भराभर. दुसऱ्या मोठ्या सिस्टर. कधी काळी तिथे एक छोट्या सिस्टरही होत्या म्हणे. त्या नोकरी सोडून गेल्या, तरी ह्यांचं 'मोठ्या' काही सुटलं नाही. आणि तिसरे, मंगळवारी आणि शुक्रवारी येणारे भुलीचे डॉक्टर. मुलं त्यांना 'झोपडॉक्टर' म्हणायची. त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं की वाटायचं, हा माणूस जगाला झोपवतो आणि स्वतः मात्र कधी झोपत नाही.

आता ऐका माझं काम. दाताचं काम करायचं म्हणजे फिरणारं, टोकदार हत्यार जिभेपासून बोटभर अंतरावर चालवायचं. मोठी माणसं डोळे मिटून गप्प पडतात. पण चार वर्षांचं पोर? ते भ्यायलं की डोकं झटकतं, हात चावतं, लाथ मारतं. त्यात त्याचा काय दोष? मग अशा काही मुलांना गुंगीचं औषध देतात. ही ऑपरेशनची पूर्ण भूल नव्हे बरं का. मूल पेंगतं, अर्धवट झोपतं, हाक मारली तर ओ देतं, आणि श्वास आपला आपण घेतं. तेवढ्यात डॉक्टरबाई आपलं काम उरकतात.

पण औषध द्यायचं किती? ते वजनावर ठरतं. कमी पडलं तर मूल जागंच राहणार आणि सगळा खटाटोप वाया. जास्त झालं तर नको तितकी गाढ झोप लागणार, आणि मग श्वासाची काळजी. इथे अंदाज चालत नाही. "अंगानं चांगला भरलाय हो," असं आजी सांगतात, तेव्हा ते पोर माझ्यावर चढल्यावर काडीपैलवान निघतं. म्हणून सगळ्यात आधी मला विचारायचं. कळलं ना आजोबा, कुस्ती ती नाही, पण ताकदीचा हिशेब आहेच.

झोपडॉक्टरांकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. प्रत्येक मुलाला एक पान. वजन किती, शेवटचं कधी खाल्लं-प्यायलं, औषध किती दिलं, पेंग कधी आली, बोटाला लावलेल्या चिमट्यानं ऑक्सिजनचा आकडा किती दाखवला, दाताचं काम पूर्ण झालं का, आणि मूल नीट जागं कधी झालं. पानाच्या तळाशी ते दोन प्रश्न लिहायचे. धोका झाला का? उपयोग झाला का?

डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या, "काम झालं की झालं ना! एवढं काय लिहीत बसता?"

"काम झालं पण मूल धोक्यात आलं, तर ते काम झालं नाही," झोपडॉक्टर म्हणाले. "आणि मूल सुखरूप राहिलं पण दाढ तशीच दुखत घरी गेली, तरीही झालं नाही. दोन्ही जमलं पाहिजे. शंभर पानं भरू द्या. मग तिघं बसून ठरवू, हे औषध आपल्याकडे द्यायचं की नाही."

'नाही' असं ठरलं तर? तर ज्या मुलांना गुंगीवाचून भागत नाही त्यांना मोठ्या इस्पितळात पाठवायचं. तिथे पूर्ण भूल देऊन दात काढतात, पण नंबर लागायला सहा-सहा महिने जातात. सहा महिने दाढ दुखली तर कसं वाटतं हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर त्यानं हात वर करावा.

त्या वहीत एक पान माझ्या फार आवडीचं आहे. एक मुलगा दारातूनच किंचाळत आला होता. सिस्टरांनी त्याला माझं धाकटं वजन सरकवायला दिलं. तो पाऊण तास ते सरकवत राहिला. सिस्टर त्याच्याशी गप्पा मारत राहिल्या, आणि गप्पांच्या नादात तो कधी खुर्चीत जाऊन बसला ते त्यालाही कळलं नाही. झोपडॉक्टरांनी त्या पानावर लिहिलं, 'औषध शून्य. उपयोग पूर्ण.' सिस्टर म्हणाल्या, "सुंठीवाचून खोकला गेला!" श्रेय त्यांनी घेतलं. वजन माझं होतं, पण असो.

काही मुलं मात्र माझ्यावर पाऊलच ठेवत नाहीत. त्यांच्यासाठी एक युक्ती आहे. आई नाहीतर बाप मुलाला कडेवर घेऊन चढतो. दोघांचं मिळून वजन लिहायचं. मग मुलाला खाली ठेवून एकट्यानं चढायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरलं ते मुलाचं. सोपं आहे. आणि सोप्या गोष्टीतच माणूस फसतो.

वहीचं चौऱ्याण्णवावं पान उघडायचं होतं त्या दिवशी एक बाप आपल्या लेकीला घेऊन आला. किल्ल्या बनवण्याचा आणि कुलपं दुरुस्त करण्याचा त्याचा धंदा. मुलगी साडेचार वर्षांची. तो तिला खारूताई म्हणायचा, आणि नाव शोभतही होतं. खालची एक दाढ किडून पार मुळापर्यंत सडली होती, त्यामुळे उजवा गाल असा दिसायचा की कुणाला वाटावं, पोरीनं गालात सुपारी ठेवली आहे. आठवडाभराच्या गोळ्यांनी सूज ओसरत आली होती, पण दाढ काढल्याशिवाय सुटका नव्हती.

"महिना झाला हो, धड जेवत नाही," बाप सांगत होता. "घास तोंडात घेते आणि रडते. दूधसुद्धा कोमट लागतं. तिच्यापुढे जेवायची लाज वाटते मला."

दोनदा तिला खुर्चीत बसवून पाहिलं होतं. दोन्ही वेळा ती बाकाखाली जाऊन बसली. तेव्हा गुंगी द्यायचं ठरलं. सकाळपासून तिला उपाशी ठेवलं होतं आणि बापही तिच्यासोबत उपाशी होता.

मोठ्या सिस्टर कडक आवाजात म्हणाल्या, "चपला काढा. खिसे रिकामे करा."

त्यानं मुकाट्यानं फोन, पाकीट, कंगवा, सगळं टेबलावर काढून ठेवलं. लेकीला कडेवर घेतलं आणि चढला. दांडी हलली, थांबली. मी सांगितलं, चौऱ्याऐंशी. सिस्टर पाठमोऱ्या होऊन कागदावर लिहू लागल्या.

बापानं खारूताईला बाकावर ठेवलं, तशी तिनं भोकाड पसरलं. "बाबा, नको ना! बाबा!"

"अगं, इथंच आहे मी! हे बघ, हे घे. वाजव बरं."

आणि मित्रांनो, त्यानं ढगळ शर्टाच्या आतून कमरेचा रुंद चामडी पट्टा सोडला आणि तिच्या मांडीवर ठेवला. त्या पट्ट्याला किल्ल्यांचे जुडगे, दोन पितळी कुलपं, कानशी, छोटी हातोडी. सकाळी बांधला की रात्रीच सोडायचा. तो पट्टा त्याच्या अंगाचाच झाला होता, म्हणून खिसे रिकामे करताना त्याला तो आठवलाही नाही. खारूताई किल्ल्या खुळखुळवू लागली आणि रडायची थांबली. बाप पुन्हा माझ्यावर चढला.

मी सांगितलं, अडुसष्ट.

सिस्टरांनी वळून आकडा पाहिला, वजाबाकी केली आणि लिहिलं, सोळा किलो. "वयाच्या मानानं अगदी बरोबर," त्या समाधानानं म्हणाल्या.

तीन किलोचा तो पट्टा पहिल्या वेळी बापाच्या कमरेला होता, दुसऱ्या वेळी लेकीच्या मांडीवर. खारूताई तेरा किलोची होती हो! महिनाभर उपाशी मरत असलेली पोर सोळा किलोची कुठून असणार? पण सोळा हा आकडा दिसायला इतका शहाणा होता की कोणाला शंकाच आली नाही. मी दोन्ही वेळा खरं सांगितलं होतं. दोन खऱ्यांच्या मधून एक खोटं निसटलं, आणि मला तोंड नव्हतं. माझी दांडी थरथरत होती. सिस्टरांनी ती बोटानं दाबून थांबवली.

एरवी झोपडॉक्टर मुलांना स्वतः उचलून आत नेत. त्या दिवशी खारूताई बापाला सोडेना, म्हणून तोच घेऊन गेला. सोळा किलोच्या हिशेबानं मोजलेलं औषध तिनं कपातून पिऊन टाकलं. थोड्या वेळानं तिची मान बापाच्या खांद्यावर कलली.

दार उघडंच होतं, म्हणून मला दिसत होतं. डॉक्टरबाईंनी हिरडीत सुई दिली, आणि तेवढ्यात बोटाच्या चिमट्याच्या यंत्राची टुकटुक बदलू लागली. आधी सावकाश, मग घाईनं.

"थांबा," झोपडॉक्टर म्हणाले. "हात काढा."

त्यांनी तिची हनुवटी वर उचलली, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा धरला. "खारूताई! ए खारूताई! श्वास घे बाळा. मोठ्ठा श्वास." ओ आली नाही. सिस्टर यंत्राकडे बघून आकडे वाचत होत्या आणि त्यांचा कडक आवाज पार बारीक झाला होता. बाप भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातातला पट्टा वाजू नये म्हणून त्यानं किल्ल्या मुठीत गच्च आवळल्या होत्या.

किती वेळ गेला? घड्याळ म्हणालं, चार मिनिटं. मी घड्याळावर कधी अविश्वास दाखवत नाही, पण त्या दिवशी दाखवला. मग यंत्राची टुकटुक संथ झाली. खारूताईनं तोंड वाकडं केलं आणि पुटपुटली, "बाबा, पाणी."

तेवढं ऐकलं आणि मला सगळं मिळालं!

झोपडॉक्टरांनी काम तिथेच थांबवलं. पोर नीट बसू लागली, पाणी पचवलं, चार शब्द बोलली, तोवर त्यांनी तिला आणि बापाला हलू दिलं नाही. दाढ मात्र होती तिथेच होती. जाताना बापानं विचारलं, "डॉक्टर, असं का झालं?"

"मला अजून कळलेलं नाही," झोपडॉक्टर म्हणाले. "कळलं की लपवणार नाही."

वहीत त्यांनी लिहिलं, 'धोका झाला. उपयोग झाला नाही.' आणि जाण्यापूर्वी सिस्टरांना सांगून गेले, "औषध पुन्हा मोजून पाहिलं, हिशेब बरोबर आहे. एकदा काटा तपासून ठेवा."

आणि आता ऐका माझ्या अब्रूचा पंचनामा. काटा तपासायचा तर ठाऊक असलेलं वजन ठेवावं लागतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "माझं वजन मला ठाऊक आहे. गेली दहा वर्षं अठ्ठावन्न!" आणि चढल्या.

मी सांगितलं, एकसष्ट.

"बघा!" सिस्टर ओरडल्या. "डॉक्टरबाई, बघा! तीन किलो जास्त दाखवतोय मेला!"

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. अहो, मी तीन किलो जास्त सांगत असतो तर त्या बापाच्या वेळी दोन्ही खेपेला जास्त सांगितलं असतं, आणि वजाबाकीत ते उडून गेलं असतं. खारूताईचं वजन तरी बरोबरच निघालं असतं! पण घाबरलेल्या माणसाला वजाबाकी सुचत नाही. डॉक्टरबाई डोकं धरून बसल्या. "म्हणजे वहीतल्या सगळ्याच मुलांची वजनं चुकीची? चौऱ्याण्णव पानं पाण्यात गेली म्हणायची! बंद करू या हे औषध. पाठवू या सगळ्यांना मोठ्या इस्पितळात. माझी नाही बाई हिंमत."

दुसऱ्या दिवशी एक नवा काटा आला. काचेचा, चपटा, निळ्या दिव्याचा, पाय ठेवला की पीक् करणारा. मला कोपऱ्यात ढकललं. माझ्या दांडीला फरशी पुसायचं ओलं फडकं वाळत घातलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी रडलो असतो. फडक्याचं पाणी दांडीवरून टपटप गळत होतं, त्यालाच माझं रडणं समजा. पण मला जास्त लागत होतं ते वेगळंच. लांबच्या गावात असो की पुढच्या गल्लीत असो, कुठेतरी एक पोर घास तोंडात घेऊन रडत होती आणि तिची दाढ आता सहा महिने निघणार नव्हती.

पुढच्या मंगळवारी झोपडॉक्टर आले. सगळं ऐकून घेतलं. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, फडकं काढून बादलीवर टाकलं आणि स्वतःशीच म्हणाले, "पण वजाबाकीत तर चूक उडायला हवी होती..."

हा एक शहाणा माणूस! मला वाटलं, त्याच्या पायावर फळी टेकवावी.

तेवढ्यात दारात किल्लीवाला उभा. कडेवर खारूताई. गाल पुन्हा सुजायला लागला होता.

"ताई, त्या इस्पितळात गेलो होतो," तो सिस्टरांना म्हणाला. "सहा महिन्यांनी या म्हणाले. ही काल रात्रभर गाल धरून बसली होती. मागच्या वेळेनंतर इथं यायची मला भीती वाटते, खोटं नाही बोलत. पण जाऊ कुठं?"

मग झोपडॉक्टर म्हणाले, "आज औषध देणार नाही. पण वजन करू. नव्या काट्यावर."

पुन्हा तेच. चपला, खिसे, लेक कडेवर, पीक्, चौऱ्याऐंशी. सिस्टर लिहायला वळल्या. लेक बाकावर, भोकाड, पट्टा मांडीवर. पीक्, अडुसष्ट.

"सोळा!" सिस्टर चक्रावल्या. "हाही सोळाच म्हणतोय?"

बिचारा नवा काटा. त्याचा तरी काय दोष? मला त्या क्षणी तो भाऊच वाटला.

"सोळा," झोपडॉक्टर म्हणाले आणि बाकाजवळ गेले. "खारूताई, मी उचलू तुला?" तिनं बापाकडे पाहिलं आणि पट्टा बाकावर ठेवून हात पसरले. डॉक्टरांनी तिला उचललं आणि तसेच उभे राहिले. हजार मुलं उचललेले हात ते. "ही सोळाची नाही. सिस्टर, ही पोर सोळाची नाही!"

"अहो, पण दोन-दोन काटे सांगताहेत..."

खारूताईला नव्या काट्याचं पीक् आवडत नव्हतं. तिचं लक्ष कोपऱ्यात, माझ्या धाकट्या वजनाकडे होतं. खाली उतरल्यावर तिनं आपला खुळखुळा पुन्हा कवटाळला आणि तुरुतुरु येऊन आपण होऊन माझ्या फळीवर चढली. पट्ट्यासकट.

अहाहा! त्या क्षणासाठीच मिस्त्रींनी मला घडवलं असेल. मी जीव एकवटून दांडी धरली. सिस्टरांनी वजन सरकवलं. सोळा.

"आता हे बाबांना दे," झोपडॉक्टर हळूच म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातातून पट्टा घेतला. माझी दांडी खाड्‌कन खाली पडली. सिस्टरांनी धाकटं वजन मागे सरकवलं, आणखी मागे, आणखी मागे.

तेरा.

डॉक्टरांनी हातातला पट्टा तोलून पाहिला. मग बापाच्या कमरेकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! डॉक्टरबाई हसायला लागल्या, आणि हसता हसता एकदम गप्प झाल्या, कारण किल्लीवाला हसत नव्हता.

"म्हणजे... मी केलं हे," तो म्हणाला. "माझ्या हातानं. माझ्याच पोरीला."

तो तिथेच जमिनीवर बसला. मोठ्या सिस्टर त्याच्याजवळ गेल्या. मला वाटलं, आता झाडणार. पण त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मऊ होता. "नाही रे बाबा. तू रडणाऱ्या लेकीला खेळणं दिलंस. कुठलाही बाप देईल. मी खिसे म्हटलं, कंबर म्हटलं नाही. आणि लिहायला पाठ फिरवली. बघायचं काम माझं होतं."

"आणि आमचं," झोपडॉक्टर म्हणाले. "महिनाभर न जेवलेलं मूल वयाच्या मानानं बरोबर कसं, हे मी विचारायला हवं होतं. तुम्ही तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, जेवत नाही म्हणून."

त्यांनी निळी वही काढली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते पान फाडून टाका आता. चूक औषधाची नव्हतीच."

"फाडलं तर पुढच्याला कळणार कसं?" त्यांनी सोळावर एक रेघ मारली, तरीही तो वाचता येईल अशी, आणि शेजारी तेरा लिहून खाली सगळी हकिकत लिहिली. पट्ट्याची, पाठ फिरवल्याची, सोळा आकडा शहाणा दिसल्याची. कोणाच्या नावानं बोटं मोडली नाहीत. फक्त काय झालं ते.

मग सिस्टरांनी जरा घुटमळत विचारलं, "डॉक्टर, पण माझे ते एकसष्ट?"

"ते तुमचेच आहेत सिस्टर."

त्यानंतर मला माझी जागा परत मिळाली. नव्या काट्याला माझ्या शेजारी ठेवलं. आता प्रत्येक मुलाचं वजन आम्ही दोघं सांगतो, आणि आमचं एकमत झालं तरी झोपडॉक्टर मूल उचलून पाहतातच. आम्हाला राग येत नाही. यावाही कशाला?

दहा दिवसांनी, सूज उतरल्यावर, खारूताई पुन्हा आली. बापानं पट्टा घरीच ठेवला होता. त्याऐवजी तो एक लोखंडी आकडा घेऊन आला, स्वतः तापवून वाकवलेला. माझ्या शेजारच्या भिंतीत त्यानं तो ठोकला. "इथं सगळं टांगायचं," तो सिस्टरांना म्हणाला. "दोन्ही वजनं होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही." ह्या वेळी तिला कडेवर घ्यावंच लागलं नाही. ती एकटी चढली. तेरा किलो आणि वर थोडं.

तेराच्या हिशेबानं औषध मोजलं. ती पेंगली. हाक मारली की "ऊं" म्हणायची. बोटाचा चिमटा सारखा एकाच सुरात टुकटुकत राहिला, आणि बाप तो सूर मोजत बसला. दाढ निघाली. तासाभरात खारूताई उठून बसली, गालावर हात फिरवला, दुसऱ्या बाजूनं चमचाभर गार दूध गिळलं आणि थांबली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"दुखत नाही," ती म्हणाली. आणि वाटी पुढे केली, "अजून."

किल्लीवाल्यानं तोंड फिरवलं. लोकांसमोर रडायचं नव्हतं त्याला, म्हणून तो माझ्याकडे बघत रडला.

शंभर पानं भरली तेव्हा तिघं बसली. औषध चालू ठेवायचं ठरलं, पण नियम वाढले. कोणाला द्यायचं, कोणाला नुसत्या गप्पांवर भागवायचं, दिल्यावर कोण कोणावर लक्ष ठेवणार, आणि वजन करताना पाठ फिरवायची नाही. तो शेवटचा नियम सिस्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून माझ्या खांबावर चिकटवला आहे.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझ्या फळीखालचा एक सांधा कुरकुरतो, धाकटं वजन अडखळतं. कोणी तेलाचा थेंब दिला तर आशीर्वाद देईन, नाही दिला तरी खरंच सांगेन. पण एक विनंती आहे. आकडा खरा आहे एवढ्यावर निजू नका. तो कशाचा आकडा आहे, तेही विचारा. आणि चूक सापडली की पान फाडू नका. पुढचं माणसांनीच बघायचं असतं. मिस्त्री तेच म्हणाले होते, मलाच उशिरा कळलं.

परवाच एक उंच मुलगी दात दाखवायला आली होती. दप्तर तिनं न सांगता आकड्याला टांगलं. बाकावर एक छोटा मुलगा आईला बिलगून रडत होता, त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "अरे, हा काटा काही करत नाही. फक्त हात मोकळे दाखवायचे. असे." आणि फळीवर चढून तिनं दोन्ही तळवे माझ्यासमोर उघडले.

डॉक्टरबाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं. साडेचाराव्या वर्षी जिथली दाढ काढली होती, तिथे नवी आली होती. पक्की.

मी सांगितलं, एकोणतीस.